अर्धं आटलेलं तळं, मोकळा माळ आणि जानेवारीतला एक रविवार

पाणवठा

गेल्या रविवारी भिगवणला जायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी बेत बदलला. उजनीचं पाणी अजून खाली गेलेलं नाही. धरण तुडुंब असताना गेलं की लांबवर कुरव आणि सुरय दिसतात, नाही असं नाही. पण रोहित (फ्लेमिंगो), टिलवे, चिखले यांना पाय टेकायला चिखल लागतो, आणि तो उघडा पडायला पुष्कळदा फेब्रुवारी उजाडतो. म्हणून मी आणि माझा एक मित्र आतल्या रस्त्यांना लागलो. बारामती-इंदापूरच्या मधला कोरडा पट्टा, दोन पाझर तलाव, एक गावतळं आणि दुपारनंतर कडबनवाडीकडचा माळ. तळ्यांची नावं मुद्दाम देत नाहीये.

साडेसहाला पहिल्या तलावाच्या भरावावर पोचलो. अंधार होता, पाण्यावर वाफ होती, आणि बोटं इतकी गारठली होती की दुर्बिणीचं झाकण निघेना. आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, लांबून, आकाशात कुठून येतोय ते कळू न देणारा. मग पट्टकादंबांची, म्हणजे हिमालय ओलांडून येणाऱ्या रानहंसांची, एक वाकडीतिकडी रांग डोक्यावरून गेली, तलावाला फेरी मारून आली आणि पाय पुढे करून पाण्यावर घसरत उतरली. रात्रभर हे गव्हा-हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर चरतात आणि उजाडताना झोपायला पाण्यावर येतात. मी ३४ मोजले, मित्र म्हणतो ३६. यावर आमचं दिवसभर चाललं होतं.

पट्टकादंब एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात ही गोष्ट अजूनही हौसेने सांगितली जाते. पाठीवर यंत्रं बसवून माग काढला तेव्हा चित्र वेगळं निघालं. एकदोन पक्षी सात हजार मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे, पण बहुतेक प्रवास साडेपाच हजार मीटरच्या खालीच होतो. जमीन चढली की चढायचं, दरी आली की उतरायचं, आणि अवघड टप्पा रात्री किंवा पहाटे उरकायचा, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना आधार देते. मला तर ही हकीकत माथ्यावरून उडण्यापेक्षा जास्त आवडते. मिळवलेली उंची ते खुशाल सोडून देतात!

उजाडल्यावर तलाव दिसायला लागला. भरावाकडे पुरुषभर पाणी असेल, पण समोरच्या बाजूला, जिथून ओढा येतो तिथे, पाणी हटून चांगला दोनशे पावलांचा चिखल उघडा पडला होता. आणि मग तेच, दरवर्षी पाहूनही मजा येते ते. पक्षी खोलीप्रमाणे वाटून घेतात. ओल्या चिखलावर कंठेरी चिखल्या, पळत-थांबत. बोटभर पाण्यात छोटे टिलवे, शिवणयंत्राच्या सुईसारख्या चोची मारत. घोट्याएवढ्या पाण्यात तुतवार, त्याच्या पुढे लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे. मग थापटे, चक्रांग आणि तलवार बदकं, म्हणजे डोकं खाली शेपूट वर करून जेवढं पोचेल तेवढ्यावर भागवणारी मंडळी. आणि पार भरावाजवळच्या खोल पाण्यात बुडी मारणारे वारकरी, टिबुकल्या आणि चार शेंडी बदकं. पाणी रोज थोडं मागे सरकतं तशी ही सगळी वस्ती त्याच्याबरोबर सरकते.

थापट्यांचं एक टोळकं गोल गोल फिरत होतं, एकामागे एक, पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागच्याने चोचीतून गाळून घ्यायचं. नर आता ऐन रंगात आहेत. ऑक्टोबरात येतात तेव्हा माद्यांसारखेच मळकट असतात, त्यामुळे तेव्हा गेलेल्या लोकांना सगळं एकच बदक वाटतं.

दुसऱ्या तलावावर आम्ही नऊच्या सुमाराला फक्त पखुर्ड्यांसाठी गेलो, माळावरचे कबुतराएवढे मातकट पक्षी. वेळ अगदी पाळतात. मुरमाड काठावर झुडपाआड बसून राहिलो, पावणेनऊ ते सव्वानऊ काही नाही, एक धोबी तेवढा शेपूट हलवत हिंडत होता. मग "किट्-रो, किट्-रो" करत पाच आल्या, वळून गेल्या, पुन्हा आल्या आणि पाण्यापासून जरा लांब उतरून दगड झाल्या. खरंच, डोळ्यांदेखत उतरलेल्या पखुर्ड्या क्षणभराने मला सापडेनात. मग तुरुतुरु पाण्याशी, दहाबारा घोट, आणि उडाल्या. पिल्लं असली की नर पोटाची पिसं भिजवून पाणी घेऊन जातो आणि पिल्लं ती पिसं चोखतात. हे मी अजून पाहिलेलं नाही. आयुष्यात एकदा तरी बघायचं आहे.

गावतळ्याबद्दल फार लिहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात गाळ काढताना यंत्र लावून चारही बाजूंनी उभं कापलंय. पाणी भरपूर, पक्षी दोन पाणकावळे.

दुपारी माळ. माळावर पहिला तासभर काहीच नसतं, मग एकदम सगळं असतं. गवताच्या काडीवर गप्पीदास, तारेवर करडा खाटीक, जमिनीतून उठून गात वर जाणारा चंडोल. चराईने अगदी आखूड झालेल्या एका तुकड्यावर तीन धाविक. चार पावलं पळायचं, ताठ उभं राहायचं, वाकून किडा टिपायचा, पुन्हा पळायचं. त्यांना उंच गवत चालत नाही, मेंढरं चरून गेलेली जमीन लागते. कापशी घार हवेत एका जागी फडफडत होती. लांडगा दिसला नाही, पण केसांनी भरलेली त्याची वाळकी विष्ठा वाटेत होती, तेवढ्यावर समाधान.

सूर्य कलायला लागला आणि भोवते (हॅरियर, शिकारी पक्षी) यायला लागले. हे दिवसभर एकेकटे गवतावरून खालून खालून तरंगत टोळ आणि उंदीर शोधतात आणि संध्याकाळी एका जागी जमतात, झाडावर नाही, गवतातच जमिनीवर झोपतात. आम्ही लांबच, गाडीतच थांबलो. एकूण ११ उतरले. त्यातला एक नर नक्की माँटेग्यूचा भोवत्या: राखाडी, पंखावर काळी पट्टी, पोटावर तांबूस रेघा. बाकी सगळी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरी. मी सरसकट माँटेग्यू लिहून टाकलेत. कोणाला काही वाटत असेल तर सांगा.

नवखी_दुर्बीण

मस्त लिहिलंय दादा. मी या हिवाळ्यात सुरुवात केली आहे. तळ्यावर गेले की शंभर तपकिरी पक्षी दिसतात आणि मोबाइलवरचं मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप दर वेळी वेगळं नाव सांगतं. सुरुवात कुठून करू? आणि दुर्बीण १०×५० चांगली की ८×४२?

टिलवा

ताई, ८×४२. दहापट मोठं दिसतं खरं, पण हात हलला तर तोही दहापट दिसतो, आणि ५० ची भिंगं तासाभरात मानेवर बसतात. आठपटीत नजरेचा घेर मोठा मिळतो, उडणारा पक्षी पटकन सापडतो.

तपकिरी पक्ष्यांचं म्हणाल तर रंग सोडा, चाल बघा. सतत मागचा भाग खालीवर हलवणारा आणि खांद्यापाशी पांढरं शिरलेलं, तो साधा तुतवार. उडाला आणि पंख खालून काळपट, कंबर लख्ख पांढरी, तो हिरवा तुतवार. पंख खालून फिकट, पाय लांब पिवळसर, भुवई मोठी, तो ठिपकेवाला. पळतो-थांबतो-टिपतो तो चिखल्या. न थांबता टोचत राहतो तो टिलवा. एवढ्या पाचांवर एक हिवाळा काढा. मी तीन काढले होते.

मर्लिन आवाजाला बरं आहे. फोटोवरून टिलव्यांचं नाव सांगायला लागलं की मी फोन खिशात ठेवतो.

पाणवठा, भोवत्यांचं सरसकट माँटेग्यू करू नका. माद्या आणि पिल्लं फार फसवतात. पोट रेघांशिवाय सलग तांबूस होतं का? तसं असेल तर पहिल्या वर्षाचं पिल्लू, पण ते माँटेग्यू आणि पांढुरका या दोन्ही जातींत तसंच असतं. मान बघा. कानामागच्या गडद डागाच्या मागे फिकट कडं आणि त्याच्याही मागे मानेला काळपट मफलर गुंडाळल्यासारखा दिसला, तर पांढुरका भोवत्या. माँटेग्यूच्या पिल्लाला डोळ्याभोवती पांढरं जास्त आणि असं सलग कडं नसतं. फोटो आहेत का?

आणि तलावांचे आकडे आशियाई पाणपक्षी गणनेत द्या. दर जानेवारीत असते, १९८७ पासून चालू आहे. मोठ्या धरणांवर दहा जण मोजायला येतात, पाझर तलावावर कोणी नसतं, आणि मग कागदोपत्री तिथे पक्षीच नसतात.

बांधावरून

लेख आवडला, पण गावतळ्याचा परिच्छेद टोचला. मी त्याच भागातला शेतकरी. तुम्ही ज्याला चिखल म्हणता त्याला आम्ही गाळ म्हणतो. गाळ साचला की पाणी मुरत नाही, खालच्या विहिरींना मार्चातच तळ दिसतो. आमच्या तळ्यातला गाळ काढून रानात टाकला तर दोन वर्षं ज्वारी कमरेच्या वर आली. तुमचे टिलवे सायबेरियातून येतात, आमची जनावरं कुठं जायची? तुम्ही महिन्यातून एका रविवारी येता, आम्हाला बाकीचे २९ दिवस काढायचे असतात.

भोरड्या आल्या की ज्वारीवर गोफण घेऊन उभं राहावं लागतं ते पण लिहा कधी. तुम्हाला त्यांचे थवे ढगासारखे दिसतात, आम्हाला कणसं रिकामी दिसतात. (रागानं लिहीत नाही. भोरड्या टोळही खातात हे मला माहीत आहे, ज्वारी नसते तेव्हा.)

पाणवठा

दादा, टोचलं ते बरोबर टोचलं. माझं ते वाक्य आळशी होतं. गाळ काढू नये असं माझं म्हणणं नाही. कापण्याची पद्धत मला खटकली. यंत्रवाल्याला घनमीटरवर काम मिळतं, त्याला चारही बाजू उभ्या कापणं सोयीचं जातं. पण गाळ भरावाकडे जास्त खोल काढला आणि फुगवट्याचं टोक, जिथून ओढा येतो तेवढं, उतरतं ठेवलं तर साठवण फारशी कमी होत नाही, कारण त्या टोकाला मुळात पाणीच कमी असतं. आणि उतार असला तर मेंढरंही पाण्यापर्यंत नीट जातात. उभ्या कापलेल्या तळ्यात तुमच्याकडे जनावर पडलं नाही का कधी?

बांधावरून

पडलंय. मागच्या साली कालवड पडली, दोर लावून काढली. प्लास्टिकच्या शेततळ्यात तर कुत्री, साप, सायाळ काय काय सापडतं, एकदा आत गेलं की कागदावरून पाय निसटतो. आम्ही आता आमच्या शेततळ्यात जुन्या टायरी दोराला बांधून सोडल्यात, वर यायला.

मुक्काम_झाडीपट्टी

इकडे भंडारा-गोंदियाकडची गोष्ट सांगतो. आमच्याकडचे मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी काही शतकांपूर्वी बांधले, भातासाठी. त्यांचा तळ परातीसारखा उतरता आहे, म्हणून हिवाळाभर पाणी कडेकडेने मागे जातं आणि प्रत्येक खोलीला आपापली वनस्पती असते. कमळ, देवधान, चिला. त्यातच कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या राहतात. नुसतं खोल केलं की ही झाडं जातात, आणि काठाला बेशरमीचं तण माजतं. मग मासेही जातात, कारण देशी मासे त्या झाडोऱ्यात अंडी घालतात.

काही गावांत ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मंडळींनीच पुढाकार घेऊन बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळाची नांगरट केली आणि पाणवनस्पती परत लावल्या. पक्ष्यांसाठी नाही हो, माशांसाठी. पक्षी आपसूक आले. तर शेतकरी आणि पक्षी असं भांडण लावायची गरज नाही, पण बैठकीत ढिवराला कोणी बोलावतच नाही ही खरी अडचण आहे.

आणि जाता जाता: कमळपक्ष्याची ती लांब शेपटी हिवाळ्यात नसते. दरवर्षी कोणीतरी "वेगळाच कमळपक्षी दिसला" म्हणून फोटो टाकतं.

रानवाट

माळाबद्दल कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. तळ्याला निदान गावात मालक असतो. माळाची सरकारी दप्तरात "पडीक" अशी नोंद, की झालं. पावसाळा आला की तिथे खड्डे खणून गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायची आणि फोटो काढायचे. धाविकाला, पखुर्डीला, भोवत्याला झाड नकोच आहे. झाडावर बसून कावळा आणि घार त्यांची अंडी बघतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं. इतकं संरक्षण मिळूनही माळढोक आज तिथे नावापुरताही दिसणं मुश्कील आहे. गवताळ रान नुसतं कुंपण घालून राखता येत नाही, चराईसुद्धा हवी, बेताची. पाणवठाने लिहिलेला धाविकांचा तुकडा मेंढरांमुळेच आखूड होता ना?

उच्चदाबाच्या तारा आणि मोकाट कुत्री यांवर लिहायला बसलो तर रात्र होईल.

नवखी_दुर्बीण

तळ्यांची नावं का देत नाही ते कळलं नाही. आम्ही शिकायचं कुठे मग?

पाणवठा

ताई, तळ्यांपेक्षा माळाचं भय जास्त आहे. दोन वर्षांपूर्वी एका माळावर धाविक असल्याचं नकाशासकट पसरलं. पुढच्या रविवारी सात गाड्या. रस्त्यावर उभ्या राहिल्या असत्या तर हरकत नव्हती, पण पक्षी जरा लांब गेला की गाडी गवतात घालायची, तो उठला की पुन्हा मागे. कोणीतरी मोबाइलवर आवाज वाजवत होतं. भोवत्यांचं रातठाण तर त्याहून नाजूक. संध्याकाळी उठवलं की अंधारात दुसरी जागा शोधायची.

शिकायला भिगवण-कुंभारगाव आहे, मायणी आहे, नाशिककडे नांदूर मधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालं. तिथे नावाडी आणि स्थानिक वाटाडे आमच्यापेक्षा चांगले ओळखतात. आणि खरं सांगू का, तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं तळं धरा. दर आठवड्याला तेच. तिसऱ्या महिन्यात तुम्हाला तिथलं असं काही कळलेलं असेल जे आम्हाला ठाऊक नाही.

माळावर आणि तळ्यावर तेवढं सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी पश्चिमेकडे तोंड. मी पहिली दोन वर्षं सगळे पक्षी काळेच पाहिले.

टिलवा

भोवत्यांचे फोटो?

पाणवठा

मागतोय. मित्राचा कॅमेरा, मित्राचा मूड.

बांधावरून

एप्रिलमध्ये आमच्या वरच्या तलावाचा गाळ काढायचा ठराव आहे. फुगवट्याकडचं टोक उतरतं ठेवा असं ग्रामसभेत बोलेन. कालवडीचं कारण सांगेन, पक्ष्यांचं सांगितलं तर हसतील. ऐकतीलच असं नाही. त्या टोकाला आमच्यातल्या दोघांचं गाळपेर असतं, पाणी हटलेल्या गाळात हरभरा करतात, त्यांनाही ते मोडायला नकोच आहे. तुमचे पट्टकादंब त्यांचाच हरभरा खातात, तेही तुम्हाला सांगून ठेवतो.

पाणवठा

दादा, ठराव व्हायच्या आधी एकदा येऊ का? पाणी किती मागे गेलंय, कोणत्या खोलीवर कोण उभं आहे, एवढं मोजून कागदावर देतो. ग्रामसभेत दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बांधावरून

या. उजाडायच्या आधी या, म्हणजे हरभऱ्यात कोण असतं तेही मोजून होईल.

पाणवठा

टिलवा, फोटो मिळाले. अंधुक आहेत, पण ११ पैकी चौघांची मान दिसते आहे. त्यातल्या एकाला तुम्ही म्हणता तसं फिकट कडं आणि मागे काळपट मफलर स्पष्ट आहे. पोट सलग तांबूस. म्हणजे पांढुरक्या भोवत्याचं पिल्लू. दुसऱ्या दोघांना कडं नाही, डोळ्याभोवती पांढरं आहे. चौथा आमचा तो माँटेग्यूचा नर. यादी अशी बदलली: माँटेग्यूचा ३, पांढुरका १, बाकीचे ७ नुसते "भोवत्या".

टिलवा

बरोबर वाटतंय. सात अनोळखी राहू देत, उगाच नाव चिकटवू नका.

पाणवठा

त्याच कार्डावर सकाळचा पट्टकादंबांचाही एक फोटो निघाला, पूर्ण रांग आलेली. मोठा करून दोघांनी मिळून मोजला. ३५.